पळसाच्या पानांचा नंदू

मेलेल्या माणसाला स्वतःचाच अंत्यविधी उभ्यानं बघावा लागावा, यासारखी पंचाईत नाही. जुहूच्या किनाऱ्यावर, माडांच्या सावलीत, नंदकिशोरचा धाकटा भाऊ मार्तंड, भटजींच्या सांगण्याप्रमाणे, पळसाची पानं बांधून माणूस तयार करत होता. हात झाले, पाय झाले, डोक्याच्या जागी नारळ आला. नंदकिशोर शेजारी उभा राहून बघत होता आणि त्याला तो नारळ मुळीच पसंत नव्हता. जिवंतपणी तो दिसायला बरा होता.

लढाईत ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर त्याचं विमान पडलं, त्याला बारा वर्षं झाली होती. प्रेत मिळालं नाही. सरकारनं बेपत्ता म्हणून कळवलं. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पानांच्या पुतळ्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. तोवर बायको सवाशीण. अनुपमा इतकी वर्षं कुंकू लावत होती, शाळेत शिकवत होती आणि अंधेरीच्या घरात दार वाजलं की हातातलं काम टाकून उभी राहत होती. त्या कुंकवाच्या जोरावर नंदकिशोरही त्या घरात टिकून होता. तो कुणाला दिसत नव्हता, जमिनीवर त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. पण ती वह्या तपासत असताना तिच्या खुर्चीमागे उभं तरी राहता येत होतं. आज पुतळा पेटला की तेही संपणार होतं.

पेटेल की नाही, याचीच शंका होती. श्यामकांत, नंदकिशोरचा जोडीदार वैमानिक, त्या दिवशी शेजारच्या विमानात होता. लढाई संपल्यावर तो नंदूची ट्रंक पोचवायला घरी आला, तेव्हा नंदूच्या आईनं, रुक्मिणीबाईंनी, पिठानं भरलेल्या हातांनी दार उघडलं. त्यांचा चेहरा बघून ह्या शहाण्याच्या तोंडून खरं निघेना. नंदूनं विमानातून उडी मारली आणि त्याची हवाई छत्री उघडलेली मी पाहिली, असं तो सांगून बसला. छत्री कसली न् काय! विमान डोंगरावर आदळलं आणि पेटलं, इतकंच घडलं होतं. पण ते एक वाक्य त्या घरात ठाण मांडून बसलं. रानात अडकलेला मुलगा कधीतरी चालत येईल म्हणून आई वाट बघत राहिली आणि तिच्याबरोबर सूनही.

आता मार्तंडनं हट्टानं विधी ठरवला, तेव्हा म्हातारीनं अट घातली. श्यामकांतनं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचं, छत्री उघडली होती की नव्हती. उघडली असेल तर पुतळा समुद्रात टाका, माझा मुलगा जिवंत आहे.

श्यामकांत तिथेच जवळ, जुहूच्या विमानतळावर, नवशिक्यांना विमान चालवायला शिकवत असे. गेल्या वर्षभरात अंधेरीच्या घरी त्याच्या फेऱ्या वाढल्या होत्या आणि अनुपमाला वहिनी म्हणणं बंद झालं होतं. नंदकिशोरला ते बरोबर कळलं होतं आणि त्याचा जळफळाट होत होता. मेलं म्हणून काय नवरेपण सुटतं?

एक विमान तपासून लगेच येतो, असा श्यामकांतचा निरोप होता. भटजी खोळंबले होते. त्याचं छोटं विमान माडांवरून गेलं, मढच्या बाजूला वळलं आणि तिथून सरळ पश्चिमेला, उघड्या समुद्रावर निघालं. नंदकिशोर चरकला. तिकडे तपासण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसऱ्या क्षणी तो विमानात, मागच्या जागेवर होता. पेट्रोलचा काटा तळाला टेकत आला होता. खोटी शपथ घेतली तर म्हातारी मरेल अशी श्यामकांतची खात्री होती आणि खरं बोललं तर अनुपमा जन्मात त्याचं तोंड बघणार नव्हती. हा भित्रा दोन्हीतून सुटायला निघाला होता.

जमीन सुटली की मेलेल्याचा आवाज वैमानिकाला ऐकू जातो, हे नंदकिशोरला ठाऊक होतं. नवशिक्यांना त्यानं दोनचारदा असंच कानात ओरडून वाचवलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. श्यामकांत बुडाला की खरं सांगणारा कुणी उरणार नव्हता. पुतळा पेटणार नव्हता, अनुपमाचं कुंकू शाबूत राहणार होतं आणि तो तिच्या खुर्चीमागे, ती मरेपर्यंत. नंदकिशोर काही संत नव्हता. मढ मागे पडलं, तरी तो गप्पच बसला.

मग त्याला दार उघडणारी अनुपमा आठवली. दारात दूधवाला बघून तिचा चेहरा जसा व्हायचा, तो चेहरा. बारा वर्षं तो हे बघत होता आणि त्यालाच प्रेम म्हणत होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

"श्याम्या, विमान वळव."

श्यामकांतची मान ताठ झाली. मागे बघायची त्याची हिंमत झाली नाही. "नंदू?"

"पेट्रोल संपत आलंय. आधी वळव."

"ती माझं तोंड बघणार नाही रे."

"नाही बघणार. तरी सांग. मी मेलोय, हे तिला कुणीतरी सांगायला हवं ना."

विमान वळलं. वर्सोव्याच्या होड्या दिसायला लागल्या आणि इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, बंद पडलं. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला. नाक खाली ठेव, घाई करू नकोस, विमानतळाचा नाद सोड, वाळूवर उतर, असं नंदकिशोर त्याच्या कानाशी बोलत राहिला. पाणी वर येत गेलं. चाकं एका लाटेला लागली, सुटली आणि विमान ओल्या वाळूवर उड्या खात विधीच्या जागेपासून थोडं अलीकडे थांबलं.

श्यामकांत उतरला आणि धावत आलेल्या मार्तंडला बाजूला सारून थेट रुक्मिणीबाईंसमोर गुडघ्यांवर बसला. त्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"काकू, छत्री उघडली नव्हती. मी खोटं बोललो."

रुक्मिणीबाईंनी त्याचा हात तसाच राहू दिला. त्यांनी विचारलं, "त्याला फार त्रास झाला का रे?"

"नाही. एका क्षणात गेला."

हे खरं होतं. नंदकिशोरला ते ओरडून सांगावंसं वाटलं, पण आता सगळ्यांचे पाय जमिनीवर होते. म्हातारीनं मार्तंडकडे बघून मान हलवली आणि पदरात तोंड लपवलं. मार्तंडनं अग्नी दिला. समुद्रावरच्या वाऱ्यानं पुतळा पायांकडून पेटत गेला.

ती आज ना उद्या श्यामकांतला माफ करेल, आपण बायको मित्राच्या हाती सोपवून चाललो, असं आता नंदकिशोरला वाटत होतं. आपल्या मोठ्या मनाचं त्याला कौतुकही वाटत होतं. तेवढ्यात अनुपमा श्यामकांतपुढे येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी खरं सांगितलं असतंत, तर मी रडून मोकळी झाले असते," ती म्हणाली. "तुम्ही माझं तारुण्य त्या दाराशी बसवून ठेवलंत. आता आमच्या घरी येऊ नका."

श्यामकांत काही बोलू लागला, पण ती ऐकायला थांबली नाही. जळत्या पुतळ्याकडे तिनं एकदा बघितलं, वाकून नमस्कार केला आणि ती पाण्याच्या कडेनं निघाली.

"कुठे चाललीस गं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही, आई."

नंदकिशोर सवयीनं तिच्यामागे निघाला. पण पुतळ्याचे पाय जळून गेले होते आणि त्याला पाऊल उचलता येईना.