कडेने दिसणाऱ्या दीर्घिका

आवाजात घरघर नको म्हणून साक्षीने पंखा बंद केला आणि लॅपटॉपवरचं चित्र पुढे सरकवलं. कडेने दिसणारी एक सर्पिल दीर्घिका. मधोमध काळपट पट्टा.

“ही मंद आणि लाल दिसते, कारण यातले तारे म्हातारे आहेत,” पडद्यावरून परीक्षक डॉ. सुनील गद्रे म्हणाले. “तीस वर्षं मी हेच मांडतोय. तुम्ही सगळं खापर धुळीवर फोडताय.”

नाशिक रोडच्या त्या दोन खोल्या दुपारच्या उन्हाने तापल्या होत्या. साक्षीची पाच वर्षांची पीएच.डी. या एका तासाच्या ऑनलाइन तोंडी परीक्षेवर येऊन ठेपली होती. दाराशी स्टुलावर तिचे वडील सहादू बसले होते, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. त्यांना कळत होता तो फक्त आवाजांचा चढउतार.

साक्षी घोटभर पाणी प्यायली.

“सर, अशा सहा हजार दीर्घिका मी मोजल्या. काही आपल्याला समोरून दिसतात, ताटासारख्या. त्या उजळ, निळसर. कडेने दिसणाऱ्या मात्र मंद आणि लाल. आपण कुठून बघतो, त्यावर ताऱ्यांचं वय ठरत नाही.”

गद्र्यांनी चष्मा काढला.

“कडेने बघताना प्रकाशाला जास्त धुळीतून यावं लागतं. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, लाल तेवढा निसटतो.” तिने शेवटचा आलेख लावला. “आणि ह्याच दीर्घिका अवरक्त प्रकाशात. तो धुळीला फारसा जुमानत नाही. इथे फरक जवळजवळ मिटतो.”

पलीकडे कोणी बोलेना. नेट गेलं असं वाटून साक्षीने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. नेट होतं. सहादू स्टुलावरून उठले.

“म्हणजे माझे तीस वर्षांचे आकडे चुकले,” गद्रे सावकाश म्हणाले.

‘तसं नाही, सर’ हे तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं.

“हो, सर.”

गद्रे एकदम हसले. “अभिनंदन, डॉक्टर पगारे. आता किती चुकले, तेही तुम्हीच काढा. माझी सगळी मोजमापं आजच पाठवतो.”

पडदा बंद झाला, तरी ती तशीच बसून राहिली. मग दोन्ही मुठी आवळून तिने टेबलावर आपटल्या.

“रागावले का गं?” सहादूंनी विचारलं.

“नाही पप्पा. झाले मी डॉक्टर!”

सहादूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

“मग मघाशी ते एवढा वेळ गप्प का होते?”

साक्षी समजावून सांगायला गेली आणि थांबली.

“बघत होते,” ती म्हणाली.