उलट्या पानाची परीक्षा

पहिल्या खेपेला छापखान्याच्या मास्तरांनी तिने आखलेल्या अक्षरांचा कागद घेतला, सवयीप्रमाणे खालचं वर करून उलटा धरला आणि एवढंच म्हणाले, "पोरी, ही अक्षरं चालत नाहीत. पोटात कळ आल्यासारखी वाकलीत."

तिच्या जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. उभी अक्षरं तिने कॉम्प्युटरवर नुसती कलती केली होती. नव्या इंग्रजी कादंबरीतली पत्रं तिच्या इटॅलिकमध्ये, म्हणजे कलत्या अक्षरांत, छापायची प्रकाशकबाईंची इच्छा होती; पण मास्तरांना पटलं नाही, तर जुनाच फाँट वापरला जाणार होता.

मग तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर रुंद टोकाचा टाक घेऊन पहिल्यापासून मांडामांड केली. एक डोळा कागदावर, दुसरा नुकत्याच पाय फुटलेल्या लेकीवर. टेबलाचे कोपरे तिने जुन्या मोज्यांनी बांधून ठेवले होते.

"आता पोरीलाही मोज्यात बांध," सासूबाई म्हणाल्या. "पडल्याशिवाय कोणी चालायला शिकलंय का?"

लेक धावायची तेव्हा अंग पुढे झुकायचं, पण थोडंसंच. फार झुकली की आपटायची. ते पाहून तिने अक्षरांचा कल निम्म्यावर आणला. रेघ संपून हात जिथे पुढच्या अक्षराकडे वळतो, तिथे पायाशी एक बारीक, निमुळतं टोक ठेवलं. असं एकेक करत सात महिने गेले.

आज दुसरी खेप. नमुन्यासाठी तिने कादंबरीतलंच एक पत्र घेतलं होतं. मास्तरांनी पान पुन्हा उलटं धरलं. उलट्या पानावर शब्द दिसत नाहीत, नुसती शाई दिसते. कुठे गोळा झाली, कुठे भोक पडलं, ते लपत नाही. ती पर्सचा बंद पिळत उभी राहिली.

"हा एफ." मास्तरांनी नख टेकवलं. "याचा माथा शेजारच्या आयच्या टिंबावर आपटतोय. छाटून टाक."

प्रकाशकबाईंनी तिच्याकडे पाहिलं. एरवी ती हो म्हणून मोकळी झाली असती.

"नाही छाटणार, मास्तर. बोडका दिसेल तो. खालची ओळ बघा. तिथे दोघांचं मिळून एकच अक्षर काढलंय, टिंब माथ्यातच सामावलंय. वरची जोडी मुद्दाम सुटी ठेवली, फरक तुमच्या नजरेत भरावा म्हणून."

"म्हणजे माझीच परीक्षा घेतलीस."

"तुम्ही माझी दोनदा घेतलीत."

मास्तर हसले नाहीत. खालच्या ओळीवरून त्यांनी नख फिरवलं. मग चष्मा पुसला आणि पान सुलटं केलं. तीस वर्षांत त्यांना नमुन्याचं पान सुलटं धरताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांचे ओठ हलू लागले. ओळीमागून ओळ, थेट तळापर्यंत.

"मास्तर, तुम्ही चक्क पत्र वाचताय?" प्रकाशकबाई म्हणाल्या.

"अहो, ती बाई परत येते की नाही, ते तर कळू द्या." त्यांनी न बघताच हात पुढे केला. "पुढचं पान कुठंय?"

तिची मान आपोआप ताठ झाली. पर्समधून पुढचं पान काढून तिने त्यांच्या हातात ठेवलं, सुलटंच.