ओडीलच्या बोटीवरचा केशरी डबा

मी डबा बोलतोय. केशरी रंगाचा, प्लास्टिकचा, झाकणाला रबराची कड असलेला. माझ्या पोटात पाण्याचा थेंब शिरत नाही आणि मला समुद्रात फेकलंत तरी मी बुडत नाही. बढाई मारत नाही, मला बनवलंच त्यासाठी. दिसायला मी काही देखणा नाही, पण धुक्यातसुद्धा पटकन नजरेत भरतो, आणि माझ्या कामाला तेवढं पुरतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. डोळे उघडले ते नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, लेआंद्रच्या बोटीत. लेआंद्र म्हणजे आमच्या अकादियन, जुन्या फ्रेंच वस्तीच्या गावातला जुना, हट्टी, शेवंड म्हणजे लॉबस्टर पकडणारा माणूस. बोटीला त्याने लेकीचं नाव दिलेलं, ओडील. संकटात आकाशात उडवायच्या लाल नळ्या ठेवायला त्याने मला आणलं होतं. त्या नळ्या कधी उडवाव्या लागल्या नाहीत. मग नवे नियम आले, नळ्यांना नवी पेटी आली, आणि माझी रवानगी बाकाखाली झाली. माझ्या पोटात सुतळीचे तुकडे, एक बोथट सुरी आणि क्लोव्हीसची अर्धवट खाल्लेली आल्याची बिस्किटं. क्लोव्हीस हा लेआंद्रचा पुतण्या. खाण्यात आणि थट्टेत त्याचा हात धरणारं धक्क्यावर कोणी नव्हतं.

खरी ओडील त्याच बोटीवर मोठी झाली. पिंजऱ्यात आमिष बांधायला ती शाळेच्या वयात शिकली. पुढे लग्न झालं तरी ती बापाच्याच बोटीवर राहिली आणि तिचा नवरा आन्सेल्म दुसऱ्या बोटीवर. आमच्याकडे नवरा-बायको एका बोटीने जात नाहीत. काही वाईट झालंच तर लेकराला एक जण तरी उरावा, एवढाच त्यातला हिशेब.

लेकीच्या, मिरेयच्या जन्माच्या वेळी ओडीलचं फार रक्त गेलं. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवलं तेव्हा कुठे ती वाचली. बाळ गुटगुटीत होतं, सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि विषय संपला. पण ओडीलचा संपला नव्हता. तिला दूध आलंच नाही. पाळी परत आली नाही. उन्हाळ्यातही ती लोकरीचे मोजे घालून बसायची. बोटीवर यायची, पण दोन पिंजरे उचलले की माझ्यावरच्या बाकावर मटकन बसायची. तिचा श्वास मला खालून ऐकू यायचा.

"पोर झालं की बायका थकतातच," लेआंद्र म्हणायचा. "तुझी आई आठवड्यात जाळी विणायला बसली होती."

"आईचं रक्त माझ्यासारखं वाहून गेलं नव्हतं, बाबा."

"मग खा जरा. रापूर केलीय काकूने, बटाटा आहे, कोंबडी आहे. वाऱ्याने उडशील अशी झालीस."

गावात कोणी तिला आळशी म्हणालं, कोणी मनाने खचलीय म्हणालं. माणसांची ही खोड मी बाकाखालून बरीच वर्षं पाहिली आहे. दुसऱ्याचं दुखणं दिसलं नाही की ते त्याला लगेच एखादं नाव देऊन टाकतात आणि मोकळे होतात. मला त्यांचा राग येतो. डब्याला राग येऊन उपयोग नसतो, तरी येतो.

अशी काही वर्षं गेली. एका हिवाळ्यात साध्या सर्दी-तापात ओडील स्वयंपाकघरात कोसळली. शहरातल्या दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी तिला अगदी साधा प्रश्न विचारला, "बाळाला दूध पाजलंस का?"

"आलंच नाही."

त्या बाई खुर्ची ओढून बसल्या आणि मग सगळं पहिल्यापासून विचारत गेल्या. रक्ताच्या तपासण्या झाल्या, डोक्याचं चित्र काढलं, आणि दुखण्याला एकदाचं खरं नाव मिळालं. ओडीलने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोटीवर जाता येईल का, तेवढं सांगा."

"औषधं नीट घेतलीस तर येईल. पण आयुष्यभर घ्यावी लागतील."

"मग द्या."

आमच्या गावची नर्स जर्मेन तिला सगळं समजावायला घरी आली, तेव्हा मीही तिथेच टेबलावर होतो. ओडीलने मला त्याच सकाळी बाकाखालून ओढून काढलं होतं, सुतळी-बिस्किटं फेकून साबणाने घासून काढलं होतं. म्हणून जर्मेनचं बोलणं मी शब्द न् शब्द ऐकलं.

नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खाली, हाडाच्या खळग्यात वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका म्हणतात, डॉक्टर पिट्युटरी म्हणतात. जीव एवढासा, पण हुकूम साऱ्या शरीरावर. गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावणारी तीच. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींकडून कॉर्टिसॉल, म्हणजे आजाराशी झुंजायचं बळ देणारं संप्रेरक, करवून घेणारी तीच. दूध, पाळी, वाढ, यांची संप्रेरकंही तिच्याच अखत्यारीत. गरोदरपणात ती फुगते, तिला जास्त रक्त लागतं. अशात बाळंतपणात फार रक्त गेलं तर तिची उपासमार होते आणि तिचा बराचसा भाग मरून जातो. बाकीच्या ग्रंथी धडधाकट असतात, पण त्यांना सांगणारंच कोणी उरत नाही. मग त्याही हातावर हात ठेवून बसतात.

"म्हणजे मी आळशी नाही," ओडील म्हणाली.

"तू कशी उभी होतीस हेच मला कळत नाही," जर्मेन म्हणाली. मग तिने आवाज कडक केला. "आता नीट ऐक. ताप आला, उलट्या झाल्या, अपघात झाला की आमचं शरीर कॉर्टिसॉल आपोआप वाढवतं. तुझं वाढवणार नाही. तेव्हा आजारपणात त्याची गोळी दुप्पट. आणि उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच औषधाची ही सुई. थोड्या वेळाने बरं वाटेल असं म्हणत बसायचं नाही. उशीर झाला तर माणूस हातचा जातो."

मग तिने एक संत्रं घेतलं आणि आन्सेल्मला त्यात सुई टोचायला शिकवलं. कुपीत वर पाणी, खाली पावडर. झाकण दाबलं की दोन्ही एक होतात. आन्सेल्मने चार संत्री भोसकली. लेआंद्र मात्र पहिल्या संत्र्यालाच उठला आणि बाहेर लाकडं फोडायला गेला. त्याला आपल्या लेकीचा आजार बघवत नव्हता, हे मला कळत होतं. पण बघवत नाही म्हणून न बघणं मला पटत नाही.

कुपी, सुया आणि कापूस माझ्या पोटात ठेवून ओडीलने मला काखोटीला मारलं आणि बोटीवर चढली, तर लेआंद्र वाटेत उभा.

"आजारपणाचं सामान बोटीवर नेलं की आजारपण मागोमाग चढतं."

"आजारपण कधीच चढलंय, बाबा. माझ्या बुटांत उभं आहे. सरका."

तो सरकला, पण मला केबिनमध्ये पाहिलं की पायाने कोपऱ्यात ढकलायचा. ओडील पुन्हा पुढे आणायची. गोळ्यांनी तिच्या अंगात जीव आला होता. पिंजरे ती पूर्वीसारखे उचलू लागली, क्लोव्हीसला पूर्वीसारखं टाकून बोलू लागली. माझ्या पोटातली मुदत संपलेली कुपी बदलली जायची, नवी यायची. उघडायची वेळ कधी आली नाही आणि मला त्यातच समाधान होतं.

मग तो हंगाम आला. नोव्हेंबरअखेर, पिंजरे टाकायचा पहिला दिवस. त्या दिवशी सारं गाव उजाडायच्या आत धक्क्यावर येतं, पाद्री बोटींना आशीर्वाद देतात, आणि पिंजऱ्यांच्या उतरंडी लादलेल्या बोटी ओळीने बाहेर पडतात. आदल्या दिवशी मिरेय शाळेतून पोटाची साथ घेऊन आली होती. ओडीललाही सकाळी मळमळत होतं. तिने गोळी दुप्पट घेतली आणि निघाली. पहिला दिवस आमच्याकडे कोणी चुकवत नाही.

किनारा मागे पडला तशी तिला उलटी झाली. क्लोव्हीस खूश.

"सहा महिने जमिनीवर काढले की अशी गत होते. शेवंडांना नाश्ता वाढतेयस का गं?"

पहिल्या दिवशी समुद्र लागणं हा आमच्याकडे थट्टेचा विषय. चांगले मुरलेले खलाशीसुद्धा ओकतात, बाकीचे हसतात, बोट कोणी थांबवत नाही. पहिली उलटी ओडीलनेही लाटांच्याच माथी मारली. तीही शेवटी या धक्क्याचीच. पण दुसरीला ती सावध झाली. कठड्याला धरून म्हणाली, "बाबा, डबा."

इंजिनाच्या आवाजातही लेआंद्रला ते ऐकू गेलं. मला माहीत आहे, कारण त्याने माझ्याकडे पाहिलं. "पिंजऱ्यांची एवढी रांग टाकून होऊ दे," तो म्हणाला. "समुद्र लागलाय तुला."

रांग संपता संपता ओडील पिंजऱ्यांवर आडवी झाली. पांढरीफटक, घामाने भिजलेली. लेआंद्रने हाक मारली तर भलतंच काही पुटपुटली. तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. क्लोव्हीसला सुई नुसती पाहून भोवळ येते हे साऱ्या गावाला ठाऊक, त्यामुळे त्याच्या हाती सुकाणू देऊन लेआंद्र माझ्यापाशी गुडघ्यांवर बसला. मला उघडलं. आणि रेडिओ तोंडाशी धरला.

"आन्सेल्म. ओडील पडलीय. मला ती सुई येत नाही."

त्या वाहिनीवर साऱ्या बोटी असतात. आमिष, वारा, शिव्या, सगळा बाजार भरलेला असतो. तो एकदम गप्प झाला. मग आन्सेल्मचा आवाज आला, जराही घाई नसलेला.

"कुपी हातात घ्या, बाबा. झाकण अंगठ्याने खाली दाबा. जोरात."

"दाबलं."

"हलवा. स्वच्छ दिसेपर्यंत. आता सगळं सुईत ओढून घ्या. मांडीची बाहेरची बाजू, मधोमध."

"अंगावर मेणकापडी विजार आहे तिच्या."

"कापा."

लेआंद्रने आमिषाच्या सुरीने विजार फाडली. मग त्याचा हात थांबला. बर्फाळ पाण्यात दोर सोडवणारा तो हात नुसता थरथरत होता.

"पोरीला टोचायचंय, आन्सेल्म."

"माहीत आहे, बाबा. टोचा."

त्याने टोचली. मी रिकामा होऊन उघडा पडलो होतो, आणि इतकं भरून मला कधीच आलं नव्हतं.

आमच्या धक्क्यावरची बोट नेहमी सूर्याच्या वाटेने, उजवीकडे वळते. डावीकडे वळणं म्हणजे अरिष्ट ओढवून घेणं, आणि लेआंद्र तर या बाबतीत साऱ्या गावात कर्मठ. पण उजवीकडे दुसऱ्यांच्या पिंजऱ्यांचे दोर नुकतेच पडले होते, ते बोटीच्या पंख्यात अडकले असते.

"डावीकडे घे," तो म्हणाला.

"काका?"

"डावीकडे म्हटलं ना."

धक्का दिसू लागला तेव्हा ओडीलने डोळे उघडले. "माझी विजार कोणी फाडली?" तिने विचारलं. लेआंद्र तोंड न लपवता रडला. धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. सुई दिली तरी दवाखाना चुकत नाही, हे जर्मेनने बजावलेलं होतंच. राहिलेले पिंजरे दुपारी क्लोव्हीस शेजाऱ्यांना घेऊन टाकून आला.

दवाखान्यात मी ओडीलच्या उशाशी होतो. लेआंद्र आला, टोपी हातात चुरगाळत उभा राहिला आणि म्हणाला, "बस झालं आता. तू जमिनीवर राहायचं."

ओडीलच्या हाताला सलाइन लावलेलं होतं, आवाज खोल गेला होता. पण ती जे बोलली ते मी विसरणार नाही.

"बाबा, मी आजारी आहे म्हणून नाही पडले. डबा मागितला तेव्हा मिळाला नाही म्हणून पडले. जमिनीवर राहिले तरी डबा न देणारं माणूस शेजारी असेल तर मी तिथेही पडेन."

घरी आल्यावर लेआंद्रने जर्मेनला स्वतः बोलावणं धाडलं. दुकानातून पिशवीभर संत्री आणली, चष्मा लावला आणि टेबलाशी बसला. क्लोव्हीसलाही कानाला धरून बसवलं. पहिल्या संत्र्याला क्लोव्हीसने डोळे मिटले, तिसऱ्याला एक उघडला. मुदत संपलेल्या कुप्या आता फेकल्या जात नाहीत, सरावाला लागतात. मिरेय ती संत्री मोजून बाजूला टाकते आणि आजोबांच्या हाताला गुण देते.

ओडील बरी होऊन बोटीवर आली त्या सकाळी लेआंद्र केबिनच्या दाराशी थांबला.

"तू सुकाणू धर," तो म्हणाला. "सुई मी धरतो."

तेव्हापासून मी सुकाणूशेजारी, हात पोहोचेल अशा फळीवर राहतो. माझा रंग उन्हाने थोडा उतरलाय, एक कडी सैल झालीय, ती आन्सेल्मने तारेने बांधली आहे. मला कोणी पायाने ढकलत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. बाळंतपणात फार रक्त गेलेली एखादी बाई तुमच्या ओळखीत असेल, तिला दूध आलं नसेल, पाळी आली नसेल, ती सदा थकलेली आणि गारठलेली असेल, तर तिला नावं ठेवण्याआधी डॉक्टरकडे न्या आणि या वाटाण्याएवढ्या ग्रंथीची आठवण करून द्या. आणि तिच्याजवळ माझ्यासारखा डबा असेल तर तो उघडायला शिका. तिने मागितला की द्या, हातातलं काम संपायची वाट पाहू नका. हात थरथरला तरी चालतो. लेआंद्रचा थरथरला होता.

आज पुन्हा पहिला दिवस आहे. बोटी धक्का सोडायच्या तयारीत आहेत, पिंजरे दवाने ओले आहेत. रेडिओवर अजून वाऱ्याचं बोलणं सुरू व्हायचंय. त्याआधी आता आमच्याकडे एक प्रश्न विचारला जातो. कोणी सुरू केला माहीत नाही, पण विचारल्याशिवाय एकही बोट पुढे सरकत नाही.

"ओडील, डबा घेतलास का?"

ती सुकाणूवरचा एक हात काढून माझ्या झाकणावर ठेवते.

"घेतलाय," ती म्हणते. "चला."