कॉफीच्या ट्रेमागची जुरेमा

रविवारी दुपारी अख्खा ब्राझील जेवायला बसतो, तेव्हा जुरेमा साओ पाउलोच्या एका स्टुडिओत गोल चौथऱ्यावर उभी असते. पायात गुडघ्यापर्यंत पांढरे बूट, अंगावर नावालाच कापड म्हणायचं असं काहीतरी चमचमतं, आणि तोंडावर हसू. हसू उतरलं की नोकरी गेलीच म्हणून समजा. सूत्रसंचालक एखाद्या आजोबांना वॉशिंग मशीन बक्षीस देवो, नाहीतर आंधळ्या पोराचं गाणं ऐकून डोळे पुसो, मागे जुरेमासकट आठ जणींनी कंबर हलवत राहायचं. माइक त्यांच्या वाट्याला कधी येत नाही. सूत्रसंचालक त्यांना 'माझ्या कळ्या' म्हणतो. नावं त्याला ठाऊक नाहीत आणि विचारावीत असंही त्याला कधी वाटलं नाही. कार्यक्रमाचं नाव मात्र 'घरचा रविवार'. घरचा म्हणे!

घरच्या रविवारी जुरेमाला घर नव्हतं. मिनास राज्यातल्या तिच्या गावी त्याच वेळी आई, भाऊ, वहिनी क्लेउझा आणि पोरंबाळं मॅकरोनी आणि भाजलेली कोंबडी घेऊन टेबलाभोवती बसायची, समोर टीव्ही. म्हणजे ती होती म्हणायची त्यांच्यात. पण कशी होती, ते तिलाही माहीत होतं. तोन्यो नावाचा पन्नाशीचा, पोट सुटलेला कॅमेरावाला चौथऱ्यांच्या मधून उकिडवा सरकत जायचा, खांद्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याचं तोंड वर. त्याचा लाल दिवा लागला की कळायचं, आता आपण देशभर दिसतोय. आपण म्हणजे मांड्या. आपण म्हणजे कंबर आणि तिच्या खालचं सगळं. चेहरा दिसला तर शेवटी, ओझरता, नाही दिसला तरी कुणाची तक्रार नाही. बेकरीतला पाववाला आधी तिच्या पायांकडे बघायचा, मग वर बघून म्हणायचा, "अरे, तूच ना ती?" पायांवरून ओळखणारा माणूस तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिला होता.

हे सगळं तिनं गिळलं असतं. आईचं गिळता येईना.

तिच्या घरात फोन उचलला की आधी आशीर्वाद. "आशीर्वाद दे, आई." की पलीकडून, "देव तुझं भलं करो, पोरी." मग तब्येत, मग भाव, मग कुणाचं लग्न मोडलं ते. ठेवताना पुन्हा तेच. गावात लहान पोरगं रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही म्हातारीला आशीर्वाद मागतं, आणि मागितलेला आशीर्वाद कुणी अडवून धरत नाही. हातात पिशव्या असल्या, दाढ दुखत असली, तरी तोंडातून ते निघतंच. जुरेमा टीव्हीवर दिसायला लागली आणि आईच्या तोंडातून ते निघायचं बंद झालं. "आशीर्वाद दे, आई," म्हटलं की आई म्हणायची, "हं. इकडे थंडी फार आहे." एवढंच. भांडण नाही, शिव्या नाहीत. आईनं कार्यक्रमाचं नावसुद्धा कधी काढलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं हो, निदान तोंड उघडलं असतं. वर्ष उलटून गेलं होतं. फोन ठेवून जुरेमा दोना इदा नावाच्या बाईच्या खानावळीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत यायची, ताटाखाली झाकून ठेवलेली गार मॅकरोनी खायची आणि कॉटवर बसून बुटांनी सोलपटलेल्या टाचांना मलम लावायची. शेजारच्या खोलीतून कुणाचं तरी हसणं ऐकू यायचं. तिच्याशी हसायला कुणी नव्हतं.

आईचा वाढदिवस रविवारी आला तेव्हा तिच्या डोक्यात ते शिरलं. टेबलाभोवती सगळा गोतावळा असणार, मामा असणार, कदाचित पाद्रीबाबाही. सगळ्यांच्या देखत पोरीनं आशीर्वाद मागितला, तर आई काय 'थंडी आहे' म्हणणार आहे? देईल. द्यावाच लागेल. इथं ऐकू आला नाही तरी चालेल, तिकडे दिला गेला की झालं.

"तुझं डोकं फिरलंय," तिच्या शेजारच्या चौथऱ्यावरची मार्ली पापण्या चिकटवता चिकटवता म्हणाली. "वाल्दीर हाकलून देईल तुला." वाल्दीर त्यांचा नाच बसवायचा आणि वर काचेच्या खोलीत बसून कोणता कॅमेरा लावायचा तेही सांगायचा.

"देऊ दे."

"आणि आवाज कुठून जाणार? माइक काय तुझ्या आजीचा आहे?"

"ओठ दिसले तरी आईला कळेल. एवढं तर कळेल ना गं!"

त्या दुपारी तोन्यो सरकत सरकत तिच्या चौथऱ्यापाशी आला, लाल दिवा लागला, आणि जुरेमा कमरेतून वाकली. एवढी वाकली की केस जमिनीला लागले आणि तिचा चेहरा भिंगाच्या अगदी पुढ्यात आला. ती हळू, स्पष्ट म्हणाली, "आशीर्वाद दे, आई."

तोन्यो दचकला. बिचारा तोही खेड्यातलाच. डोळा भिंगाला चिकटलेला, कानावर हेडफोन, आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "देव तुझं भलं करो, पोरी." मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं आणि तो पुढच्या चौथऱ्याकडे सरकला. जुरेमा सरळ झाली. हसू तोंडावर होतंच, पण आज ते खरं होतं.

कार्यक्रम संपल्यावर वाल्दीर काचेच्या खोलीतून धावतच खाली आला. आता बसणार बोलणी, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"तू! तिसऱ्या चौथऱ्यावरची!" त्यानं तिचे दोन्ही गाल धरले. "काय केलंस हे! कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मी आपलं..."

"फोनवर फोन येतायत. बापे वेडे झालेत. ती कुजबुज, ते खालून वर बघणं! पुढच्या रविवारपासून आठही जणी वाकायचं. काहीही बोला, पावाचे भाव बोला, ओठ हलले पाहिजेत. प्रत्येक बाप्याला वाटलं पाहिजे, माझ्याच कानात सांगतेय."

"पण मी आईला..."

"आईला, बापाला, कुणालाही. झक्कास!" आणि तो गेलाही.

ती कोपऱ्यावरच्या फोनकडे जवळजवळ पळतच गेली. वहिनीनं उचलला.

"दिसलं का गं? आईनं काय केलं?"

क्लेउझा आवाज खाली करून म्हणाली, "जुरेमा, तुला कुणी सांगितलंच नाही ना कधी. अगं, आई दर रविवारी टीव्हीपुढे कॉफीचा मोठा ट्रे उभा करून ठेवते. तो पोपटांच्या चित्राचा. खालचा अर्धा पडदा झाकायला."

"का?"

"का म्हणजे काय, बाई! वर चेहरे येतात तेवढेच बघते. पोरांनी ट्रे सरकवला तर चापट खातात. सगळ्या जेवणभर आम्ही दिवे आणि केस बघत असतो. आणि ती टक लावून बसते, तू कधी वर येतेस त्याची वाट बघत. आलीस की घास तसाच हातात."

वर्षभर आई तिचा चेहरा शोधत होती. आणि आज तो चेहरा मोठ्ठा, अख्खा, आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर आला होता तो खाली. ट्रेच्या मागे.

"आम्हाला नुसती तुझी पाठ दिसली," क्लेउझा म्हणाली. "मग समोरचा बेने न्हावी धावत आला, तुमची पोरगी कॅमेऱ्यात काहीतरी बोलली म्हणून. आईनं ट्रे काढला तोवर साबणाची जाहिरात. थांब, आईच येतेय."

फोनवर श्वास ऐकू आला. "माझ्याशी बोललीस म्हणे."

"हो, आई."

"पुढच्या रविवारी ट्रे लावणार नाही मी. परत बोल." आणि मग, "चष्मा पुसून बसते."

आठवडाभर जुरेमाला झोप लागली नाही. वाल्दीरकडे ती दोनदा गेली. "मला एकटीलाच करू द्या," म्हणाली. तो म्हणाला, "आली मोठी नटी!" रडून पाहिलं, तर म्हणाला, डोळे सुजवू नकोस, कॅमेऱ्यात येतात. आता आठ दिवसांत दुसरी कसली वाट काढणार, कुठे तोंड लपवणार? आईला फोन करून 'बघू नकोस' म्हणावं असंही मनात आलं. पण आई चष्मा पुसून बसणार होती. कसं सांगायचं?

रविवार आला. सूत्रसंचालक डोळा मिचकावून म्हणाला, "मंडळी, आज माझ्या कळ्या तुमच्या कानात गुपित सांगणार! बायकांनो, नवऱ्यांचे कान धरून ठेवा!" प्रेक्षकांत शिट्ट्या. ढोल वाजला आणि आठही जणी एकदम वाकल्या. तोन्यो एकेकीपुढे थांबत आला. मार्ली ओठांवरून जीभ फिरवत आकडे मोजत होती. जुरेमापुढे लाल दिवा आला तेव्हा तिनं जीव एकवटून, एकेक अक्षर सुटं करून तेच म्हटलं, "आशीर्वाद दे, आई." शिट्ट्या वाढल्या. तोन्यो काहीतरी पुटपुटला आणि पुढे गेला.

संध्याकाळी फोन आईनंच उचलला. जुरेमानं आशीर्वाद मागितला नाही. धीर झाला नाही.

"पाहिलंस, आई?"

"पाहिलं. सगळं पाहिलं, वरचं आणि खालचं." आईचा आवाज सपाट होता. "मामा हसला. तुझ्या भावानं पोरांना आत नेलं."

"मी आशीर्वाद मागत होते. शपथ!"

"आणि बाकीच्या?"

"त्यांना काहीही बोला म्हणून सांगितलं होतं. माझं बघून त्यांनी..."

"म्हणजे तुझ्याकडूनच शिकल्या." आई थांबली. जुरेमा कान फोनला घट्ट दाबून उभी राहिली. आता म्हणेल, आता म्हणेल. "त्यांच्याही आया बघत असतील," आई म्हणाली. "बिचाऱ्या." आणि फोन ठेवला.

पुढे क्लेउझानं सांगितलं, आता ट्रे नसतो. आई जेवणाआधी टेबलावरचं जुनं कापड टीव्हीवर घालते, अख्ख्या टीव्हीवर, आणि त्याच्याकडे पाठ करून बसते. आवाज मात्र बंद करू देत नाही. टाळ्या, ढोल, सूत्रसंचालकाचे विनोद, सगळं ऐकत जेवते. नाचणाऱ्या पोरींचा आवाज त्यात नसतोच.

'कानातलं गुपित' फार गाजलं. दर रविवारी असतं. पाववाला पाव देताना म्हणतो, "ए, काय सांगतेस गं ते? आम्हालाही सांग की." जुरेमा सुटे पैसे उचलते आणि निघते.

दर रविवारी ती वाकते. इतर जणी काहीबाही बोलतात. ती तेच म्हणते, दुसरं काही तिच्या ओठांवर येतच नाही. आई बघत नाही हे तिला माहीत आहे. दिवा लाल असतो, कॅमेऱ्याचं तोंड वर असतं, आणि कॅमेऱ्याच्या मागून तोन्यो, डोळा न हलवता, पुटपुटतो, "देव तुझं भलं करो, पोरी."

ज्यानं तिला देशाला तसं दाखवलं, तोच देतो. तिला राग येतो त्याचा, आणि तरी पुढच्या चौथऱ्याकडे तो सरकण्याआधी ते शब्द कानावर पडावेत म्हणून ती क्षणभर वाकलेलीच राहते. दुसरं कुणी देत नाही.