लाँड्रीच्या काचेतला रक्ताळलेला कोट

थोरलीची लाँड्री होती आणि धाकटीची कादंबरी. दोघी सख्ख्या जावा. सुनांबद्दल कोणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "धाकटी लिहिते." आणि थोरली? "ती दुकानात असते." जणू थोरलीला चिठ्ठी टाचून दुकानात टांगून ठेवलेलं आहे, कोणी न्यायला आलं तर आलं.

कादंबरी खुनाची होती. ती खपावी म्हणून धाकटीने गावातल्या दुकानदारांना गळ घातली. प्रत्येकाने एकेक पुरावा दर्शनी भागात मांडायचा, वाचकांनी हातात पुस्तक घेऊन दुकानं हिंडायची आणि खुनी ओळखायचा. बेकरीवाल्याला अर्धा खाल्लेला केक मिळाला, किल्लीवाल्याला वाकलेली किल्ली. दोघंही असे मिरवत होते, जणू खून त्यांनीच केला. लाँड्रीच्या वाट्याला मयताचा पांढरा कोट आला. बाहीवर रक्ताचा हा एवढा डाग.

"हा काचेत लावायचा? माझ्या काचेत?" थोरलीने विचारलं.

"वहिनी, डागच तर पुरावा आहे. बाहीच्या आतल्या अंगाला आहे, बघा."

"लोक म्हणतील, हिला डाग काढता येत नाही."

"लोक कोटाकडे बघतील हो, तुमच्याकडे कशाला बघतील?" धाकटी हसून म्हणाली.

बोलली सहज. पण जावेचं सहज बोलणं जावेला कधी सहज लागलंय?

कोट लागला. लोक यायचे, काचेला नाक लावायचे, शहाण्यासारखी मान हलवायचे आणि केक बघायला निघून जायचे. आत कोणी पाऊल टाकेना. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला लेखिका सुनेचं कौतुक ऐकवायच्या. एक जुनं गिऱ्हाईक आत डोकावलं तेव्हा थोरली लगबगीने पुढे झाली.

"तुमच्या जाऊबाई इथे भेटतात का हो?" त्याने विचारलं.

संध्याकाळी तिने कोट काचेतून उतरवला. मन म्हणत होतं, राहू दे. हात ऐकेनात. नाटकातलं रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग. पाक गार पाण्याने गेला, रंगाने मात्र घाम काढला. मग कोट इस्त्री होऊन, बगळ्यासारखा पांढरा, परत काचेत.

सकाळी पुस्तक घेऊन हिंडणारे वाचक आले आणि बुचकळ्यात पडले.

"अहो, काल तर डाग होता!"

"होता. मी काढला."

"एवढा डाग? आणि खूणसुद्धा नाही?"

झालं. खुनी राहिला बाजूला. जो तो घरी पळाला आणि कपाटाच्या तळाशी दडवलेले डाग घेऊन आला. शाईचे, तेलाचे, न सांगण्यासारखे. दुकानाबाहेर रांग लागली. धाकटी तणतणत आली.

"वहिनी, तुम्ही पुरावा नष्ट केलात!"

"केला. माझं कामच ते."

रांगेतले खो खो हसले. दारातून सासूबाईंचा आवाज आला, "माझीच हो ती, थोरली. कसलाही डाग आणा!"

धाकटीचा चेहरा पडला. थोरलीला तो चेहरा ओळखीचा वाटला. इतके दिवस तो तिचाच तर होता. बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं.

"पुढे कोण?" तिने खणखणीत आवाज दिला.

पुढे एक बाई होत्या. खांद्यावर डागाळलेला टेबलक्लॉथ, हातात धाकटीची कादंबरी उघडी.

"बाई, तुमचा नंबर."

"हं." बाईंनी मान वर न करताच बोट दाखवलं. "थांबा हो. एवढं पान."

मागचे कुरकुरतील म्हणून थोरलीने पाहिलं. मागचा माणूस बाईंच्या खांद्यावरून तेच पान वाचत होता. धाकटीनेही ते पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू परत उजळायला लागला.

थोरलीने टेबलक्लॉथ बाईंच्या खांद्यावरून ओढूनच घेतला. त्यांना पत्ताही नव्हता.

"डाग कसला आहे?" तिने विचारलं. मग मोठ्याने, "अहो बाई, डाग कसला?"

बाईंनी पान उलटलं.