पाहुण्यांसाठी आवरलेली गल्ली

आमच्या गल्लीची रुंदी नकाशात एक आहे आणि प्रत्यक्षात दुसरी. गोडादऱ्यातल्या या गल्लीत प्रत्येक दारापुढे साड्यांच्या पोटल्या रचलेल्या असतात, खाटांवर बसून बायका साड्यांचे लोंबते धागे कापतात आणि उरलेल्या जागेत टेम्पो उभा असतो. मोठा बंब आत शिरणं शक्य नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाशी अग्निशमनाची छोटी चौकी आहे. तिथे जीपएवढी एक गाडी असते आणि मोजकी माणसं. त्यांतला एक माझा भाऊ, योगराज.

ही चौकी बंद करून तिची माणसं हमरस्त्यावरच्या मोठ्या केंद्रात हलवावीत, असा प्रस्ताव पालिकेपुढे होता. मोठा बंब गल्लीच्या टोकापर्यंत जातो का, हे समितीच्या जयश्रीबेन स्वतः येऊन पाहणार होत्या. टोकाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, बाबा लूम चालवतात. त्यामुळे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

मी उधन्याच्या एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत काम करते. त्या दिवशी दुपारची सुटी घेऊन आले आणि वळणावरच थांबले. गल्ली रिकामी होती. पोटल्या नाहीत, खाटा नाहीत, टेम्पो नाही. जमीन धुतलेली, दारोदार रांगोळी.

"आई, हे काय केलंस?"

माझ्या आईचं, सरलाबाईचं, सगळी गल्ली ऐकते. ती पदराला हात पुसत म्हणाली, "पाहुना ई राह्यनात. त्यास्ले पसारा दखाडस का कोनी?"

मी समजावायला तोंड उघडलं, तोवर बंब वळला होता. तो रांगोळ्यांवरून अलगद आला आणि थेट टोकाच्या इमारतीपाशी थांबला. मागोमाग जयश्रीबेन चालत आल्या.

"आली ने आरामात," त्या म्हणाल्या. "मग वेगळी चौकी कशाला जोइए?"

आईचा चेहरा उतरला. "बेन, गल्ली अशी नसते. तुम्ही येणार म्हणून आवरली."

"तर रोज आवरा."

"रोज आवरली तर खायचं काय, रांगोळी?"

जयश्रीबेन हसल्या. "बरं, जशी असते तशी दाखवा."

आई ओट्यावर चढली. "बठ्ठं परत मांडा वं."

वायू मोकळ्या जागेत सुटला की कुठला रेणू कुठे जाईल सांगता येत नाही, असं मी शिकले होते. इथे प्रत्येक पोटलीला आपली जागा माहीत होती. दारांतून, जिन्यांतून, गच्च्यांवरून सामान उतरत आलं आणि कुणी कुणाला धडकलं नाही. इंदुबाईची खाट विजेच्या खांबाला टेकली, दगाभाऊंचा टेम्पो उलटा येऊन पोटल्यांच्या मधोमध बसला. जन्मापासून मी याच गल्लीत राहते, पण ती घडताना कधी पाहिली नव्हती. बघता बघता कात्र्या चालू झाल्या. बंब टोकाशी त्या पसाऱ्यात अडकला. त्याची दारंसुद्धा उघडेनात.

चालक चेतन खिडकीतून म्हणाला, "मी आता इथलाच झालो. जेवण मिळेल ना?"

"आधी धागे काप," इंदुबाई म्हणाली.

जयश्रीबेन मात्र आता हसत नव्हत्या. त्यांनी तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं. "तिथे आग आहे असं समजा. चौकीला बोलवा."

छोटी गाडी टेम्पोपर्यंत आली. तिथून पुढे माणसं खांद्यावर होज घेऊन धावली, खाटांखालून, पोटल्यांवरून. बायकांनी हातातली कात्री न थांबवता पाय वर घेतले. मग पाणी सोडलं. होजची चपटी कापडी पट्टी गाडीपासून फुगत फुगत आमच्याकडे आली, आणि हात लावला तर दगडासारखी कडक. दाबाची सूत्रं मला पाठ आहेत, तरी माझा हात तिच्यावरून निघेना.

योगराजने पाठीवर हवेचा सिलिंडर चढवला, तोंडावर मुखवटा ओढला आणि जिन्यात शिरला. मुखवट्यातून येणारा त्याचा श्वास मोठा ऐकू येत होता. एखादं यंत्र संथपणे चालावं तसा. त्याचा जोडीदार लक्ष्मण खालीच राहिला, योगराजच्या कमरेची दोरी हातात धरून.

"तमे केम नथी जता?" जयश्रीबेननी त्याला आत न जाण्याचं कारण विचारलं.

"बेन, नियम दोघांनी आत जायचा आहे. चौकीत हा सिलिंडर-मुखवट्याचा सेट एकच आहे."

"आणि खरी आग असली तर?"

"तेव्हाही मी दोरीच धरतो."

श्वास पहिल्या मजल्यावर गेला, मग दुसऱ्या, मग ऐकू येईना. आग नव्हती, धूर नव्हता, वर बाबा चहा पीत बसले असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कात्र्या थांबल्या. आईने आजवर योगराजला फक्त कामावर जाताना आणि कामावरून येताना पाहिलं होतं. ती लक्ष्मणच्या हातातल्या दोरीकडे बघत होती. दोरी थोडी थोडी वर सरकत होती, आणि आई जागची हलली नाही.

मग दोरी सैल पडली. जिन्यात पुन्हा श्वास ऐकू आला, आणि योगराज दारात उभा राहिला. त्याने मुखवटा काढला. केस घामाने चिकटले होते.

आई त्याच्याकडे बघून त्याच्यामागच्या काळोख्या जिन्याकडे बघू लागली. जयश्रीबेनही तिकडेच बघत होत्या. त्याच्यामागून कुणीतरी यायला हवं होतं.

"चौकी राहील," जयश्रीबेन म्हणाल्या. "समितीत मी सांगेन. आणि दुसरा सेट येईल, याच्यामागे माणूस जाईल."

लक्ष्मणने दोरी गुंडाळायला घेतली.

"आणि माझा बंब?" चेतनने विचारलं.

"संध्याकाळी," आई म्हणाली. "आता कामाची वेळ आहे."