मावशीला पाण्यात कुणी उतरवलं

पोहण्याच्या तलावावर सगळे तिला कोच म्हणत, पण शाळेपासूनच्या मैत्रिणीसाठी ती अजूनही बदक होती. पाणी दिसलं की ही त्यात, म्हणून बदक. आणि मैत्रीण वर्गात कुणाशी दोन शब्द बोलायची नाही, म्हणून घुमी. घुमी पुढे बेकरी चालवायला लागली. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून संध्याकाळी तिचा घसा बसायचा, तरी नाव काही सुटलं नाही.

घुमीच्या आईला बदक मावशी म्हणायची. रक्ताचं नातं नव्हतं, पण बदकाची स्वतःची आई लवकर गेली आणि शाळेत जाताना तिचे केस मावशीनेच विंचरून दिले. जन्मभर शिवणयंत्राला चिकटलेली ही बाई सत्तरीला टेकल्यावर एक दिवस तलावावर येऊन म्हणाली, "बुडवणार नसशील तर शिकव मला." घुमीने कपाळाला हात लावला. पण मावशीने एकदा मनावर घेतलं की तिला अडवायची कुणाची टाप नव्हती.

काही महिने शिकल्यावर एका सकाळी मावशीने पहिल्यांदाच, मध्ये कुठेही पाय न टेकता, तलावाची रुंदी पार केली. पलीकडचा दांडा धरून ती इतकी मोठ्याने हसली, की शेजारच्या रांगेतले लोक पोहायचे थांबले. बदकाने टाळ्या वाजवल्या. मावशी पायऱ्या चढून वर आली, बाकावर बसली आणि बसल्या बसल्या एका अंगाला कलली. इतकी अलगद, की शेजारच्या बाईला वाटलं ती खाली पडलेली चप्पल शोधतेय.

पुढचं बदकाला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ओली फरशी. मावशीच्या छातीवर दाबणारे स्वतःचे हात. कोणीतरी मोजत होतं, बहुतेक तीच. मग ॲम्ब्युलन्समधून आलेल्या माणसाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, थांबा आता." तिला शब्द ऐकू आले, अर्थ लागेना. ती दाबतच राहिली. शेवटी त्याने तिचे हात धरून बाजूला केले.

दुपारी ती घुमीच्या घरी गेली तेव्हा पोहायच्या पोशाखावर कुणाचं तरी जॅकेट घातलेलं होतं आणि केसांतून अजून पाणी टपकत होतं. खोली माणसांनी भरलेली. मावशीचे भाऊ, म्हणजे मामा, खुर्चीत बसले होते. घुमी खिडकीशी उभी होती; कपाळावर, भुवईत पीठ तसंच होतं. बदक तिला मिठी मारायला पुढे झाली.

"हात लावू नकोस मला."

बदकाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"घुमे..."

"तू मारलंस माझ्या आईला." आवाज चढलेला नव्हता, आणि तेच भयंकर होतं. "धडधाकट बाई होती. तू तिला नादाला लावलंस. तू पाण्यात उतरवलंस."

"अगं, काय बोलतेस हे?" मामा भाचीला म्हणाले, पण त्यांनी बदकाकडे मान वर करून पाहिलं नाही. इतर कुणीच पाहिलं नाही. बदक कशीबशी म्हणाली, "मावशी पूर्ण रुंदी पोहली गं आज..." आणि आपण हे काय बोललो म्हणून तिची तिलाच लाज वाटली. ती जिना उतरली, रस्त्यावर आली आणि घराच्या उलट दिशेला कितीतरी वेळ चालत राहिली.

त्यानंतर तिचं पाण्याशी जमेना. तलावाच्या दारापर्यंत जायची, क्लोरिनचा वास आला की तशीच परत फिरायची. मॅनेजरने न मागताच रजा दिली. घरात बसून ती सकाळ ती पुन्हा पुन्हा आठवत राहिली, आणि एकदा भांडी घासताना तिचा हात नळाखाली थांबला. पाण्यात उतरायच्या आधी मावशी डावा दंड चोळत होती. "काय झालं?" असं बदकाने विचारलंही होतं. "रात्री हातावर झोपले गं," मावशी म्हणाली होती. आणि बदकाने शिट्टी गळ्यात अडकवत म्हटलं होतं, "चला तर मग."

डावा हात! तो दुखला तर आधी हृदयाचा संशय घ्या, हे प्रथमोपचाराच्या वर्गात दरवर्षी ती स्वतः दुसऱ्यांना शिकवायची. म्हणजे घुमी खरं तेच बोलली होती.

हे पोटात ठेवणं शक्यच नव्हतं. दुकानात गर्दी नसेल अशा वेळी ती बेकरीत गेली. घुमी मागच्या खोलीत कणकेचा गोळा आपटत होती. तिने वर पाहिलं.

"तू म्हणालीस ते बरोबर आहे," बदक दारातूनच म्हणाली. "मावशी दंड चोळत होती. मी पाहिलं. डावा होता. तरी मी तिला उतरू दिलं. मला माफ कर असंही म्हणायला आले नाही मी. तुला कळायला हवं, म्हणून आले."

घुमीचे हात कणकेतच थांबले. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ती मागच्या पोत्यावर मटकन बसली.

"दंड चोळत होती?"

"हो."

"मीच चोळून दिला होता सकाळी."

बदक दारातून आत, टेबलापाशी आली.

"छातीत जड वाटतंय, आज जात नाही, म्हणाली ती." घुमी भिंतीकडे पाहून बोलत होती. "लग्नाच्या केकची ऑर्डर होती. ती घरी राहिली असती तर इथे येऊन लुडबुड करत बसली असती. मी म्हटलं, पित्त झालं असेल. जा, पाण्यात उतरलीस की मोकळं वाटेल. पिशवीसुद्धा मीच भरून दिली."

बदकाला आधी काही वाटलंच नाही. मग खालून कुठूनतरी संताप उसळला, इतका की तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"तुला माहीत होतं? आणि सगळ्यांसमोर तू मला..."

"तू दारात आलीस, ओल्या केसांची. माझ्या तोंडून निघून गेलं. निघालं आणि मला हलकं वाटलं, बदके. मग परत कसं घेऊ?"

"मी पाण्याला हात लावू शकत नाहीये! मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही!" बदक ओरडली. दुकानातलं गिऱ्हाईक डोकावून निघून गेलं. "घरी बसून रोज मी तिला मारतेय, घुमे. रोज!"

घुमीने मान खाली घातली. बदक तिथे थांबली नाही, तशीच बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. घुमीने सगळ्यांना बोलावून, एकेक गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. "पोरी, मी त्या दिवशी गप्प बसलो, ते चुकलं," मामा म्हणाले आणि पुढे त्यांना बोलवेना. बदक फोन धरून रडली. पण बेकरीकडे तिची पावलं वळली नाहीत. हळूहळू ती कामावर जायला लागली. आधी नुसती काठावर उभी राहायची, मग गुडघाभर पाण्यात, मग पूर्ण.

उन्हाळा संपता संपता एका सकाळी घुमीच तलावावर आली. चपला हातात धरून ओल्या फरशीवर जपून चालत. ती बदकासमोर येऊन उभी राहिली.

"कुठे ते दाखवशील?" घुमीने विचारलं.

बदकाने बाक दाखवला. घुमी बसली. थोड्या वेळाने बदकही बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"शेवटी काही बोलली का ती?"

बदकाने क्षणभर विचार केला. काहीतरी छान सांगता आलं असतं.

"टॉवेल मागितला," ती म्हणाली. "हा ओला आहे, दुसरा दे म्हणाली."

"ओलाच भरला होता मी," घुमी म्हणाली. "घाईत."

तिला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती अशी काही रडायला लागली, की पोहणारे थबकले. बदकाला अजून राग होता. तरी ती सरकली आणि मधली जागा तिने भरून टाकली.